पुंडलिक मुकादमाची गाश

पुंडलिक मुकादमाला बिडी द्या आणि आफ्रिका ऐका, असं भिलाईच्या मजूर-झोपड्यांत गमतीनं म्हणत. भंडाऱ्याकडचा हा गडी महायुद्धात खेचरं हाकायला गेला आणि सुदानच्या सरहद्दीवरून परतला तो एक नदी तोंडात घेऊनच.

"वरच्या मुलखात तिले मारेब म्हनत, खाली सुदानात गाश," तो सांगायचा. "दोन मुलखायची शीव. पावसाळा सरला का सारी रेतीच रेती. पन उकरली का पानी! जिनं झिरा खोदला, तिचाच झिरा. भोवताल काट्यायचं कुंपन. मंग मानूस या काठचा असो का त्या काठचा, कोनी हात लावत नव्हता."

तेव्हा कारखान्याचं बांधकाम धडाक्यात चाललं होतं. झोपड्या आणि पलीकडचं गाव यांच्यामध्ये एक नाला होता. उन्हाळ्यात तो आटला आणि दोन्हीकडच्या बायका पाण्यावरून हातघाईवर आल्या. पुंडलिकनं मध्ये पडून गाशचा कायदा लावला. प्रत्येकीनं आपला झिरा खोदायचा, भोवती बाभळीचे काटे लावायचे. भांडणं मिटली, आणि नाल्याचंच नाव गाश पडलं. पलीकडच्या गावातली मथुरासुद्धा 'गाशवर निघाले' म्हणून सुनेला सांगू लागली. पुंडलिकची छाती इतकी फुगली, की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या बाकी होत्या.

एक गोष्ट मात्र हा गडी शिताफीनं गाळायचा. खऱ्या गाशच्या पात्रात एका म्हातारीच्या झिऱ्याचे काटे त्यानंच बुटानं बाजूला सारले होते आणि आपल्या खेचरांना पोटभर पाजलं होतं. म्हातारी रिकामी पखाल मांडीवर घेऊन बसून राहिली होती. ते आठवलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई, आणि मग तो नदीची थोरवी आणखीच रंगवून सांगे.

मे महिन्यात एका गोदामाचा स्लॅब ओतला गेला आणि नेमका पाण्याचा टँकर आला नाही. ताज्या स्लॅबवर सतत पाणी मारायची तराई थांबली, तर तो तडकणार. ठेकेदार पुंडलिकवर तापला, "स्लॅब तडका तो कल से दूसरा मुकादम!"

भर दुपारी पुंडलिक हाती पत्र्याचे डबे दिलेले मजूर घेऊन नाल्यात उतरला. शालिकराम नावाचा मजूर काट्यांपाशी अडला.

"मुकादम, हे तं बायायचे झिरे हायेत."

"मले शिकवून राहिला का? भर!"

काटे पुंडलिकनं स्वतःच लाथेनं उडवले. एकामागून एक झिरे उपसले गेले, तळाशी नुसता गाळ उरला. घागरी घेऊन आलेल्या बायका काठावर थिजून उभ्या राहिल्या. मथुराची घागर तेवढी आधीच भरलेली होती. ती खाली उतरली आणि तिनं ती घागर त्याच्या पायांपाशी ठेवली.

"येला घलो ले जा, मुकद्दम," ती म्हणाली. हीही ने.

पुंडलिकची मान वर झाली नाही. पण घागर त्यानं उचलायला लावली.

स्लॅब वाचला, मुकादमकीही वाचली. संध्याकाळी त्याची बायको मनकर्णा हिनं ताट वाढलं आणि पाठ फिरवून ती चुलीशी बसली.

"काही बोल तं खरं," तो म्हणाला.

"काय बोलू? तुमचं सांगनं आमी बायायनं खरं धरलं, तेच चुकलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं एकट्यानं सगळे झिरे पुन्हा खोदले. हात रक्ताळेपर्यंत काटे रोवले. हळूहळू पाणी पाझरू लागलं. त्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत. आफ्रिकेची गोष्ट सांग म्हणूनही कोणी बिडी पुढे केली नाही. लोक भांडले असते तर बरं, असं त्याला वाटायचं.

पुढे एका सकाळी तो तोंड धुवायला नाल्यात उतरला. बायका बोलत बसल्या होत्या. त्याला पाहताच त्या उठल्या आणि आपापल्या झिऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांच्यात मनकर्णाही होती.