मुसफ्फ्याच्या थांब्यावरचा नवरदेव

नव्वद सालानंतरची गोष्ट. अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यात आमच्या मजुरांच्या कॅम्पबाहेर बसचा थांबा होता. लोखंडी खांब, वर पाटी, बस्स. छप्पर नाही, बाक नाही. त्या मुलखात तेव्हा आगगाडी नव्हती, तरी आमची कोकणातली पोरं त्याला स्टेशनच म्हणत. कंपनीची गाडी फक्त साइटवर न्यायची. शुक्रवारी अबुधाबीत जायचं तर ही एकच बस.

आणि ती आम्हाला बघून थांबायची नाही. चार मजूर एकत्र दिसले की ड्रायव्हर तोंड फिरवून पुढे. तिकिटाचे पैसे नव्हते का आमच्याकडे? घामाचा वास येतो म्हणे. ज्या शहराच्या इमारतींना आम्ही सळ्या बांधल्या, तिथे जायला आम्हाला सोंग काढावं लागायचं.

सोंग असं. एकाने इस्त्रीचा शर्ट घालून खांबापाशी एकटं उभं राहायचं. बाकीचे वर्कशॉपच्या भिंतीआड. बस थांबली की त्याने पायरीवर पाय रोवून दार अडवायचं, सगळ्यांना आत घ्यायचं, आपण शेवटी चढायचं. त्याला आम्ही नवरदेव म्हणायचो.

"नवरदेव, जरा हसा की, वरात खोळंबलीय!" भिंतीआडून कोणीतरी ओरडायचं.

"हसलो तर माझे दात बघून पळेल तो!"

हसायचो आम्ही. आता आठवलं की अंगाची आग होते.

एका गुरुवारी संध्याकाळी गावाहून फोन आला. बायको रत्नागिरीला इस्पितळात, असशील तसा निघ. शुक्रवारी दुपारचं विमान मिळालं. रिकाम्या हाताने घरी जायचं नाही ही आमची रीत. पोरांनी सकाळी खोका भरून दिला, तिच्यासाठी ब्लँकेट, दुधाची पावडर. वरून नायलॉनची दोरी आवळली. एकाने आपला शर्ट माझ्या अंगावर चढवला.

"भाऊ, आज आम्ही बाहेर येतच नाही. तू एकटा जा."

बस आली, हळू झाली. ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, मग खोक्याकडे. असला दोरीचा खोका कोण नेतो हे त्याला पक्कं ठाऊक. दार उघडलं नाही. आत मागे सीटा रिकाम्या दिसत होत्या. मी काचेवर थापा मारत पळालो. "भाईसाब, मेरी औरत बीमार है!" त्याने कुत्रं हाकलावं तसा हात केला आणि गेला.

पोरं धावत आली. त्या रस्त्याला टॅक्सी फिरकेना. बऱ्याच वेळाने एका पठाणाने पिकअप थांबवला, "यल्ला चाचा, बैठो." भला माणूस, जीव खाऊन गाडी हाणली त्याने. पण विमानतळावर काउंटरवरची बाई म्हणाली, "खलास." विमानाची दारं बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने निघालो. घरी पोचलो तर माणसं स्मशानातून येऊन, अंघोळी करून ओटीवर बसलेली.

मेहुणा म्हणाला, "नशीब, भावोजी. ताई शेवटपर्यंत विचारत होती, निघाले का म्हणून."

नशीब कसलं? देवाचं नाव पुढे करून त्या ड्रायव्हरला का सोडता? मी त्याला तिथेच म्हटलं, "निघालो होतो. बस आली होती. थांबली नाही."

मग कोणीतरी विचारलं, चहा टाकू का.