पुस्तिकेपुढचं शून्य

संशोधनासाठी निधी वाटणाऱ्या एका समितीवर मी तीन वर्षं होतो. कुणाला पैसे द्यायचे हे आम्ही ठरवायचो, म्हणजे खरं तर तक्ता ठरवायचा. किती लेख छापून आले, कुठे आले, इतरांनी आपल्या लेखांत त्यांचे दाखले किती वेळा दिले. त्याचे गुण, गुणांची बेरीज, बेरजेवरून यादी. मला हा तक्ता फार आवडायचा. त्याला वशिला कळत नाही, असं मी भाषणांतून सांगायचो. चार मित्र ठरवून एकमेकांचे दाखले देतात, अहो रूपम् अहो ध्वनी चालतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या चौघांत एक मीही होतो.

एका वर्षी जव्हारच्या एका प्राध्यापिकेचा अर्ज आला. मोखाड्याच्या पाड्यांवरच्या बायकांबरोबर ती नागलीचे, म्हणजे नाचणीचे, जुने वाण वेगवेगळ्या पट्ट्यांत लावून जपत होती आणि पुढच्या हंगामातल्या पट्ट्यांसाठी तिला निधी हवा होता. छापलेला लेख एकच, त्याचा दाखला एकानंही दिलेला नाही. सोबत एक मराठी पुस्तिका होती: कुठलं वाण कधी पेरावं, बी कसं राखावं. मुखपृष्ठावर माहिती सांगणाऱ्या बायकांची नावं होती. ती मी वाचली नाहीत. आतली पानं मात्र चाळली. हिला नागली माझ्यापेक्षा जास्त कळते, हे लगेच लक्षात आलं आणि मला रागच आला.

तक्त्यात शेवटी 'इतर योगदान' असा रकाना होता. त्यात दहापैकी कितीही गुण देणं माझ्या हातात होतं. सहा दिले असते तरी तिचं काम झालं असतं. पण मी मूळचा जामसरचा, तिच्याच तालुक्यातला. आपल्या भागातली म्हणून झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू नये, या धास्तीनं मी शून्य लिहिलं. वर बैठकीत म्हणालो, "पुस्तिका काय, कुणीही छापतं." सगळे हसले आणि मला बरं वाटलं.

पुढच्या दिवाळीनंतर मोखाड्याकडच्या पोशेऱ्याला मामीकडे गेलो. माझ्या ज्या लेखाचे सर्वांत जास्त दाखले दिले गेले, तो तिच्याच हळव्या नागलीवरचा. ही नागली बाकीच्यांच्या आधी तयार होते, घरातला दाणा संपत आला की पोटाला आधार देते. विद्यार्थी होतो तेव्हा मामीनं बी राखायच्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातून ओंजळभर बी काढून दिलं होतं. ते प्रयोगात कधीच संपलं. लेखात मी 'स्थानिक शेतकऱ्यांकडून' एवढंच लिहिलं होतं.

जेवायला बसलो तर चुलीजवळच्या खुंटीला प्लास्टिकच्या पिशवीत तीच पुस्तिका टांगलेली. मामीला वाचता येत नाही. तिनं पुस्तिका काढली आणि मुखपृष्ठावर नेमकं बोट ठेवलं. "हा माझा नाव."

बाजूला तुंबा होता, रिकामा. मी विचारलं, "हळवी कुठंय?"

"त्या बाईंनी सांगेल व्हता, पट्टीला पैसं येतील. नाय आलं. मंजूर नाय झाला म्हणं. मंग आम्ही मजुरीला गेलो, पट्टी पडीक राहिली. भादव्यात घरात दाणा नाय. बी व्हता तो दळला."

"सगळा?"

"मंग? नातींना उपाशी ठेवू?"

"दुसऱ्या कुणाकडे असेल ना?"

"नाय रं. आता सगळी पाकिटातला पेरतात."

मला लाज वाटली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. लेख जगभर वाचायला मिळत होता आणि ज्याच्यावर तो लिहिला ते वाण माझ्या एका शून्यानं दळलं गेलं होतं.

मामी म्हणाली, "उशिरा व्हनारी गरवी हाय अजून दोघींकडं. ती तरी राहू दे. तू तिकडं मोठा हायस, त्या लोकांना जरा सांग ना."

माझी मुदत संपायला अजून एक वर्ष होतं. "सांगतो," म्हणालो. ते लोक म्हणजे मीच, एवढं बोलायला जीभ उचलेना. मामीनं खूश होऊन माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली आणि मी ती खाल्ली.