भरलेले गाल

आमच्या लोकांत माणूस बरा झाला की नाही ते गालांवरून ठरतं. गाल बसले म्हणजे आजार, गाल भरले म्हणजे आजार गेला. हे किती खोटं असू शकतं ते मला ऐंशीच्या दशकात, वाशीच्या आमच्या दोन खोल्यांत कळलं. ज्या पद्धतीने कळलं तिचा राग मला आजही येतो, आणि तो गेला पाहिजे असं मला वाटतही नाही.

माझा नवरा मूळचा उरणजवळच्या मोऱ्याचा, कोळ्याच्या घरातला. भाऊ, चुलते सगळे बोटीवर. हेच एकटे शिकून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन झाले होते. मी मुंबईच्या कोळीवाड्यातली, वाशीच्या शाळेत तिसरीला शिकवायचे. यांना सकाळी डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या, तेव्हा बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने पित्त ठरवून टाकलं. कुणी आवळा सांगितला, कुणी कोकम. मी दोन्ही दिलं. मग उजवा पाय ओढत चालू लागले, आणि एक दिवस कारखान्यात टेबलावरच फिट आली, आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं की मेंदूत गाठ आहे.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "घरातलं मोठं कोण?" मी समोर उभी होते. मंगळसूत्र घातलेली, चांगली पाच फूट उंचीची बाई. त्यांची नजर माझ्यावरून सरकून माझ्या थोरल्या दिरांवर गेली. दोघे जिन्यापाशी जाऊन बोलले. दीर परतले तेव्हा कपाळ पुसत होते.

"काय म्हणाले, दादा?"

"गाठ कारली. गोल्या दिल्यात. बरा होल आता."

"एवढंच सांगायला इतका वेळ लागला?"

"मोठी लोका हायत, सावकाश बोलतात."

आमच्यात तेव्हा रीतच होती. वाईट बातमी पुरुषांनी पोटात ठेवायची. बाईमाणसाला सांगायची नाही, कारण तिच्या तोंडावर ती दिसते आणि मग आजारी माणसाला कळते. ही रीत मला ठाऊक होती. पण आपण शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, आपल्याला कोण फसवणार, अशा तोऱ्यात मी होते.

गोळ्यांनी जादू केली. डोकं दुखायचं थांबलं, उलट्या बंद झाल्या, पाय सरळ पडायला लागला. भूक तर अशी लागली की विचारू नका. सासूबाई मोऱ्याहून टोपली भरून मासळी आणायच्या, आणि एरवी दोन चपात्यांत उठणारा हा माणूस भाताचा डोंगर उतरवून वर बोंबील मागायचा. गाल वर आले, चेहरा गोल झाला. सासूबाईंनी त्यांच्यावरून मीठ-मोहरी उतरवली. "माजा पोर कसा टरटरीत झायला बघ!" शेजारणी मला म्हणायच्या, "काय हो बाई, मिस्टरांची तब्येत मस्त झाली की!" मी त्यांना चहा पाजायचे. त्या गोल चेहऱ्याला डॉक्टरी पुस्तकात वेगळं नाव आहे, तो गोळ्यांमुळे येतो आणि त्याचा बरं होण्याशी काडीचा संबंध नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार होतं? सगळ्या घराने कार्ल्याला जाऊन एकवीरेचा नवससुद्धा फेडला. यांना तेवढं घरी ठेवलं, दगदग नको म्हणून.

त्या दिवसांत यांनी एकच गोष्ट मागितली. वैशाख सरत आला होता. पावसाळ्यासाठी बोटी वर ओढण्याआधी यांना एकदा भावाच्या बोटीतून दर्यावर जायचं होतं. मासे मारायला नव्हे, नुसतं जाऊन यायला. लहानपणी दोघे भाऊ एका फळीवर झोपायचे त्याच बोटीत. मला दोनदा म्हणाले, "दादाला सांग ना."

मी सांगितलं. दीर मान खाली घालून म्हणाले, "आता नको. पुरता बरा होऊ दे. नारली पुनवेला बोट दर्यात लोटू ना, तवा पयला त्यालाच घेन." मलाही ते शहाणपणाचं वाटलं. माणूस नुकता सावरतोय, कशाला बोटीचे हेलकावे? हे खिडकीत उभे राहून खाडीच्या बाजूला बघत राहिले.

आषाढात पाय पुन्हा ओढायला लागला. मग शब्द हरवायला लागले. पाण्याला "ते... ते..." म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. दुपारभर झोप. दीर म्हणत, अशक्तपणा. सासूबाई म्हणत, नजर. माझं डोकं फिरलं. शाळेत अर्धी रजा टाकली, कुणाला न सांगता बस पकडून हॉस्पिटल गाठलं आणि ऑपरेशनच्या वेळी हजर असलेल्या एका तरुण डॉक्टरला कॉरिडॉरमध्ये अडवलं. म्हटलं, मला सगळं कळेपर्यंत मी इथून हलणार नाही.

त्याने मला बाकावर बसवलं. कॅन्सर हा शब्द मी त्या बाकावर पहिल्यांदा ऐकला. गाठ दिसते तेवढीच नसते, म्हणाला, तिची मुळं मेंदूत पसरलेली असतात, ती पुन्हा वाढतेच. आता झोप वाढत जाईल. उजवी बाजू जाईल. बोलणं तुटेल, पण समजत नाही असं धरून चालू नका, त्यांच्याशी बोलत राहा. पुढे गिळता येणार नाही, तेव्हा आडवं असताना तोंडात पाणी घालू नका. फिट आली तर कुशीवर वळवा. शेवटी बहुतेक नुसती झोप असेल.

"किती दिवस?"

"नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण महिने धरू नका, आठवडे धरा."

मग तो जरा चिडूनच म्हणाला, "हे आम्ही त्यांच्या भावांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गोळ्यांनी सूज उतरेल, काही दिवस छान जातील, ते दिवस वाया घालवू नका, हेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने उरण आणि तिथून मोरा गाठलं. पाऊस कोसळत होता. बोटी वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या होत्या आणि दीर पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. थोरल्या दिरासमोर आवाज चढवायचा नसतो. मी चढवला.

"नारळी पुनवेला घेऊन जाणार होतात ना? तोपर्यंत हे उठून बसणारसुद्धा नाहीत, ते माहीत असून?"

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "त्याच्यासंगती एकट्याना बोटीवर कसा बसू? मी रडलू असतू, त्याला समाजला असता."

"रडायचं होतंत मग! दर्यावर तोंड ओलंच असतं, दादा."

त्यांना मी तसंच वाशीला आणलं. हे खाटेवर उशीला टेकून होते, अजून तुटकं बोलता येत होतं. दीर पायापाशी बसले आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं एकदम फुटलं. मोठा बाप्या, हुंदके देत रडला. यांनी डावा हात पुढे केला आणि भावाच्या डोक्यावर ठेवला.

"माहीत... हाय," हे म्हणाले. "मना... माहीत हाय."

मी विचारलं, "काय माहीत आहे? कुणी सांगितलं तुम्हाला?"

यांनी बोटाने स्वतःचं डोकं दाखवलं. ज्याचं त्याला कळतं, दुसऱ्या कुणी कशाला सांगायला हवं? म्हणून तर त्यांनी बोट मागितली होती. दोन भाऊ एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसले होते, आणि जिला खरोखर काही ठाऊक नव्हतं ती मी एकटी, मासळी तळत, शेजारणींना चहा देत होते. मला सांगितलं असतं तर मी त्या दोघांना ओढत बोटीवर नेऊन बसवलं असतं.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. आजारी माणसावर ओरडले.

ते शब्द शोधत राहिले. शब्द मिळाला नाही. तेव्हा डावा हात उचलून त्यांनी माझ्या तोंडावरून फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मला कळलं की तेही त्याच रीतीचे होते.

नारळी पुनवेला दिरांनी बोट लोटली. हे त्याआधीच गेले होते.