राजे पोचले मे महिन्यात

मस्कतमध्ये वादी कबीरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहत. रुसैलच्या कारखान्यात ते एसी मेकॅनिक होते. बोलणं जेमतेम. प्रत्येक वाक्य "आता बघा"ने सुरू व्हायचं आणि बहुतेकदा तिथंच संपायचं.

नाताळात त्यांच्या हॉलमध्ये गोठा मांडलेला असे. बाळ येशूच्या भेटीला निघालेले तीन राजे मात्र दूर, फ्रिजवर. कामावरून आले की हात धुऊन ते राजांना रोज थोडं पुढे आणत. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्यांची छोटी मुलगी राजांना गोठ्यात पोचवायची. मग घरभर लोबानाचा धूर आणि आम्हाला केक.

एका वर्षी सासूच्या आजारपणामुळे त्यांची बायको सात वर्षांच्या मुलीला घेऊन वसईला गेली. सहा तारखेला मी डोकावले, तर राजे गोठ्यापासून वीतभर अंतरावर उभे.

"आज पोचायचे ना?"

"आता बघा वहिनी, पोरगी फोनवर म्हणाली, मी आल्याशिवाय नको."

राजे थांबले. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. शेजारी रोज राजांवरची धूळ पुसत.

मे महिन्यात मायलेकी परत आल्या. त्या दिवशी शेजाऱ्यांनी अर्बाबकडून, म्हणजे मालकाकडून, कधी नव्हे ती रजा घेतली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि आमची बेल वाजवली. "यल्ला वहिनी, सगळे चला."

बाहेर ऊन रणरणत होतं. मुलीनं एकेक राजा उचलून गोठ्यात ठेवला. लोबान पेटवायला म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी उठायला लागले, तशी त्यांच्या बायकोनं माझा हात धरला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "येतील."