हे कुठल्या पानावर आहे?

सुमनमावशी गेल्याचं मी तिच्या वकिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे… म्हणजे आता वारस म्हणून तुमचं नाव दाखल करायचा अर्ज आला." माझी मावशी गेली होती आणि त्यांच्या डोक्यात पानं छापायला सुरुवातही झाली होती.

मावशी दहिसरच्या चाळीत एकटी राहायची. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. चाळीच्या जागी टॉवर ठरला आणि बिल्डरने केलेल्या भाडेकरूंच्या यादीतून तिचं नाव गळलं. तक्रार एवढीच. त्यासाठी वकिलांनी एकशे चौदा पानांचा दावा केला. 'सदरहू', 'उपरोक्त', 'यापुढे ज्यांस वादी असे संबोधले जाईल त्या'… तिसऱ्या पानावरच मावशी वैतागली. "अगं, यात मी कुठे आहे? माझ्या वर्गात कुणी असं लिहिलं असतं ना, तर वही परत दिली असती."

सुनावणीला मी सोबत होते. जजसाहेबांनी फाइल दोन्ही हातांनी उचलून जोखली. "वकीलसाहेब, हे वाचून होईपर्यंत चाळ आपली आपणच पडेल." सगळं कोर्ट हसलं, आमचे वकीलसुद्धा. मावशी मात्र उभी राहिली.

"साहेब, एकेचाळीस वर्षं मी त्या खोलीत राहते आणि यादीत माझं नाव नाही. ते घालायला सांगा."

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं. "हे कुठल्या पानावर आहे?"

वकील पानं उलटत राहिले… पुन्हा हशा. दावा पाच पानांत आणा, पुढची तारीख.

जिना उतरताना मावशी म्हणाली, "विनोद चांगला होता गं. पण मी बोलले ते ऐकलं ना सगळ्यांनी? मग तारीख कशाला?"

आमची पाच पानं झाली, तर बिल्डरचं उत्तर दोनशे पानांचं. "याला हमाल लावलात का?" साहेब म्हणाले. हशा. तारीख. अशी तीन वर्षं गेली आणि एका तारखेच्या चार दिवस आधी मावशी झोपेतच गेली.

वारसाच्या अर्जाचा मसुदा बावीस पानांचा आला. मी भडकले. वकिलांसमोर बसून तो एका पानावर आणला, त्यात मावशीचं कोर्टातलं ते वाक्य जसंच्या तसं घातलं. साहेबांनी मिनिटभरात वाचलं. या वेळी ते काही गमतीचं बोलले नाहीत. त्याच दिवशी यादीत मावशीचं नाव घालायचा हुकूम झाला. मिनिटभराचं काम!

परवा खोली आवरायला गेले. ओट्यावरच्या छोट्या फळ्यावर तिच्या अक्षरात कामांची यादी तशीच आहे. दूध. गॅस. कोर्ट.

पुसायला हात धजत नाही.