आधी दवाखान्याचा वाटा

यमुनाताई शहारे यांची आणि माझी पहिली भेट माझ्याच स्वयंपाकघरात झाली. त्या भेटीत मला त्यांचा फार राग आला होता, हे आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात लिहायला मला संकोच वाटत नाही. ताईंना खोटी स्तुती चालत नाही.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावात बायांचा नवा बचत गट सुरू व्हायचा होता. ताई तेव्हा आश्रमशाळेत स्वयंपाकी होत्या आणि सुटीच्या दिवशी गावोगावी फिरून गट बांधत होत्या. त्या घरी आल्या म्हणून मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत त्यांची नजर माझ्या फळीवरून फिरली.

"तेल कितीचं आणतेस?" त्यांनी विचारलं.

"रोज वीस रुपयांचं."

"काऊन? महिन्याचं एकदम काऊन नाही आणत?"

"एकदम पैसे कुठून आणू, ताई?"

"रोज आणूनच राहिली ना तू? दुकानदाराचं घर चालवून राहिली. तुझं कोण चालवन?"

पाहुणी म्हणून आलेल्या बाईने असं बोलावं, हे मला झोंबलं. त्या गेल्यावर मी नवऱ्याजवळ त्यांना चिकट म्हणाले. गावात पुष्कळ जण तसंच म्हणत. पण दुसऱ्या आठवड्यात मी गटाच्या बैठकीला गेले, कारण मला झोप लागत नव्हती. माझी मुलगी प्रणाली दहावीत होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. शिष्यवृत्ती मिळेल, पण ती मागाहून. प्रवेशाच्या वेळी भरायचे पैसे, होस्टेल, पुस्तकं, गणवेश हे सगळं आधी लागणार होतं. आमच्याकडे एक एकर धान आणि माझे पती सुरेश यांची राईस मिलमधली हमाली, तीही हंगामापुरती. हातात दोन वर्षं होती. पैसे काहीच नव्हते.

ताईंनी मला काटकसरीचे धडे दिले, पण त्यांचा भर काटकसरीवर नव्हता. "खाणं कमी करून किती वाचवशीन?" त्या म्हणायच्या. "पोट कापून नर्स होत नाही कोणी. कमाई वाढव." आमच्याकडे पावसाळ्यात सात्या नावाच्या रानअळिंब्या निघतात. लोक त्या चवीने खातात आणि बाजारात त्यांना चांगला भाव मिळतो. तशाच अळिंब्या तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, घरात बारा महिने घेता येतात, असं ताईंनी एका प्रशिक्षणात पाहिलं होतं. तणस आमच्याकडे भरपूर, मागची खोली रिकामी. ताई स्वतः माझ्याबरोबर बियाणं आणायला गोंदियाला आल्या.

तणस आणि बियाणं भरलेल्या पिशव्यांचे पहिल्या खेपेचे सगळे बेड हिरवे पडले. बुरशी लागली. मी त्या खोलीत बसून रडले, कारण त्या बियाण्यात माझ्या चार महिन्यांच्या बचतीचे पैसे गेले होते. ताईंनी पिशवी फाडून आतलं तणस हुंगून पाहिलं आणि विचारलं, "किती वेळ उकळलं?" मी सरपण वाचवायला अर्ध्या वेळातच पातेलं उतरवलं होतं. त्या हसल्या नाहीत. "इथं वाचवायचं नसते, माया," एवढंच म्हणाल्या आणि दुसऱ्या रविवारी येऊन चुलीजवळ बसल्या, तणस पूर्ण उकळेपर्यंत.

दुसरी खेप साधली. अर्जुनीच्या बाजारात आणि गोंदियातल्या दोन दुकानांत माझा माल जाऊ लागला. सुरेशरावांच्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरही ताईंनी बोट ठेवलं, पण वेगळ्या रीतीने. "भाऊजी, सोडा म्हणत नाही मी," त्या त्यांना म्हणाल्या. "दिवसाचे चार खाता, तीन खा. चौथ्याचे पैसे तुमच्याच हातानं पोरीच्या शिक्षणाच्या डब्यात टाका." सुरेशराव आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी डब्यात नाणी वाजली. आज ते खर्रा खात नाहीत.

प्रणाली बारावीला गेली, तशी माझी काळजी वाढत गेली. बँकेचं पासबुक मी इतक्यांदा उघडत असे की त्याची शिवण सुटली. पैसे वाढत होते, तारीखही जवळ येत होती. त्यातच मला दुसरा त्रास सुरू झाला होता. महिन्याची पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नसे. जिना नसलेल्या घरात मला धाप लागायची. हे मी कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यात गेलं तर तपासण्या, तपासण्यांनंतर औषधं, आणि पुढे काय निघेल कोण जाणे. प्रवेश होऊन जाऊ दे, मग बघू, असं मी रोज स्वतःला सांगत होते.

प्रणाली बारावी पास झाली त्या जुलैत धानाची रोवणी सुरू होती. आम्ही गटातल्या बाया एकमेकींच्या बांध्यांत कामाला जायचो. रविवार होता म्हणून ताईही आल्या होत्या. मी दोनदा शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा ताई चिखलाच्या पायांनीच माझ्याजवळ आल्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी नखं पाहिली.

"किती दिवसांपासून?"

"काही नाही, ऊन लागलं."

"आभाळ भरून आलं आहे, माया. ऊन कुठून लागन? किती दिवसांपासून?"

मी सांगितलं. पाच महिने. ताईंचा चेहरा असा झाला की मला माझ्या आजारापेक्षा त्या चेहऱ्याची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या गाडीने मला गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि मला घरी परत जाऊ दिलं नाही. अंगात रक्त फारच थोडं उरलं होतं. गर्भाशयात गाठ होती. आधी रक्त चढवायचं, मग ऑपरेशन. "अजून महिनाभर थांबला असतात तर यांना चालत आणता आलं नसतं," असं डॉक्टर ताईंना म्हणाल्या.

दवाखाना सरकारी होता, ऑपरेशनला पैसे पडले नाहीत. पण बाहेरच्या तपासण्या, महागडी इंजेक्शनं, सुरेशरावांची बुडालेली मजुरी, येणं-जाणं आणि पुढचे तीन महिने मला काही उचलायची मनाई. प्रणालीच्या प्रवेशाची तारीख त्याच महिन्यात होती. ताई माझ्या खाटेजवळ बसून म्हणाल्या, "खात्यातले पैसे काढायला सांगितलं आहे मी भाऊजींना."

"ते पैसे पोरीचे आहेत."

"पोरीची माय पोरीच्या पैशांत नाही धरत का तू?"

मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तारीख निघून गेली. त्या वर्षी प्रणालीचा प्रवेश झाला नाही. तिने एका शब्दानेही मला दुखवलं नाही, आणि म्हणूनच मला जास्त दुखलं. घरी आल्यावर मी ताईंशी बोलणं टाकलं. त्यांनी माझ्या घराचं दोन वर्षांचं स्वप्न मोडलं, असंच मला वाटत होतं.

ताईंनी माझ्या अबोल्याकडे लक्ष दिलं नाही. सहा आठवडे शाळा सुटली की त्या सरळ माझ्या मागच्या खोलीत यायच्या. प्रणालीबरोबर तणस उकळायच्या, बेड भरायच्या, तयार अळिंब्या काढायच्या आणि बाजारच्या दिवशी विकायलाही बसायच्या. मी खाटेवरून त्यांचा आवाज ऐकत असे, पण हाक मारत नसे. एका संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मी विचारलं नसताना सांगू लागल्या.

"आमच्या घरावर कवेलूचं छप्पर होतं. मले स्लॅब पाहिजे होता. चार वर्षं पैसा जमवला. ह्यांना खोकला होता, मी दुकानातून औषधाची बाटली आणून द्यायची. मोठ्या दवाखान्यात जाऊ असं मी म्हणलं की हेच म्हणायचे, स्लॅब होऊन जाऊ दे. मीही हो म्हणायची. हो म्हणताना मले बरंच वाटायचं." त्यांनी वर छपराकडे पाहिलं. "स्लॅब झाला, माया. त्याच्याखाली झोपाले ते नाही राहिले."

ताई विधवा आहेत हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. का आणि कशा, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग मला आठवलं की गटातल्या कुठल्याही बाईच्या बचतीची गोष्ट निघाली की ताई एकच प्रश्न आधी विचारतात: दवाखान्याचा वाटा बाजूला काढला का? घर, लग्न, शिक्षण, गाडी, जे काही ध्येय असेल ते त्यानंतर. मला तो प्रश्न नेहमी रटाळ वाटत आला होता.

पुढचं वर्ष सोपं गेलं नाही. प्रणाली घरी होती, शेजारपाजारच्या बाया येताजाता तिच्या लग्नाच्या गोष्टी काढत होत्या. ती अजून एक वर्ष थांबली तर शिक्षणच सुटेल, या धास्तीने मी अर्धी झाले. पण आता खोलीत दोघींचे हात होते आणि बेड दुप्पट झाले होते. पुढच्या पावसाळ्यात प्रणालीचा प्रवेश झाला. पैसे भरायच्या खिडकीसमोर उभी असताना मी पिशवी तीनदा चाचपली. आज प्रणाली गोंदियाच्या एका रुग्णालयात नर्स आहे, आणि ताई शाळेतून निवृत्त होऊन पूर्ण वेळ गटांचं काम पाहतात.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण गेल्या महिन्यात या अंकासाठी ताईंचा फोटो आणायला मी आणि प्रणाली त्यांच्या घरी गेलो. ताई दाराशी येईपर्यंत दोनदा थांबल्या. प्रणालीने पिशवीतलं यंत्र काढून त्यांचा रक्तदाब मोजला आणि पट्टा पुन्हा बांधून दुसऱ्यांदा मोजला. मग तिने गोळ्यांचं पाकीट मागितलं. पाकिटात अर्ध्या अर्ध्या कापलेल्या गोळ्या होत्या.

"आजी, ह्या अर्ध्या कोणी सांगितल्या?"

"कोणी नाही," ताई म्हणाल्या. "पाकीट दोन महिने पुरते तसं."

ज्यांनी अख्ख्या तालुक्यातल्या बायांना दवाखान्याचा पैसा वाचवू नका म्हणून सांगितलं, त्यांनी स्वतःपुरता तो नियम केलाच नव्हता. प्रणालीने दोन अर्ध्या मिळून पूर्ण गोळी त्यांच्या हातावर ठेवली, ती गिळेपर्यंत उभी राहिली, आणि लगेचच्या सोमवारी त्यांना तपासणीला नेण्याचं ठरवलं. "हे अंकात लिहू नको," ताईंनी मला बजावलं. ताईंचं मी एरवी सगळं ऐकते. हे ऐकलं नाही. त्या रागावतील, आणि या वेळी मला त्यांच्या अबोल्याची सवय करून घ्यावी लागेल.

यमुनाताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं मी मनापासून मागते. आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: सत्काराच्या दिवशी त्यांना शाल द्या, फुलं द्या, पाया पडा, पण त्याआधी त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारा, आजची गोळी पूर्ण घेतली का?