काडेपेटीचा रोग

इस्पितळाच्या तळघरात धुलाईखाना, आणि त्या धुलाईखान्यात बावीस वर्षं घडीच्या टेबलाशी उभी राहिलेली ती. काही बिघडलं की बाकीच्या बाया आधी बिघडवणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार करायच्या. ही म्हणायची, "थांबा गं, मूळ कुठंय ते बघू." म्हणून पाठीमागं तिचं नाव पडलं मूळव्याध. तिला ते ठाऊक होतं. "कुणाला सुखानं बसू देत नाही, म्हणून म्हणतात," असं म्हणून ती पुढची चादर ओढायची.

हे वेड तिला घरात लागलं. एका स्वयंपाकघरात दोन जावा, त्यातली ही थोरली. धाकटीनं काडेपेटी वेळेला सापडावी म्हणून डब्यामागं ठेवली. थोरलीला सापडेना, तिनं दुसरी आणून उशीखाली सारली. मग धाकटीनं दोन दडवल्या. वर्षभरात घरात नऊ काडेपेट्या झाल्या, आणि चहाचं आधण ठेवायचं तर काडी मागायला शेजारी पळायचं. रोज सकाळी तोंडाला तोंड. एक दिवस थोरलीच्या टाळक्यात उजेड पडला, की इथं चोर कुणीच नाही. तू दडवतेस म्हणून मी दडवते, मी दडवते म्हणून तू. तिनं शेगडीवरच्या फळीवर चार पेट्या उघड्यावर मांडल्या आणि एक संपायच्या आत दुसरी ठेवत गेली. महिनाभर धाकटी तरीही चोरून एखादी उचलायची. थोरलीनं तोंड उघडलं नाही. मग धाकटीनंही सोडून दिलं. त्याला अकरा वर्षं झाली. फळी कधी रिकामी पडली नाही.

पुढं दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, शिडीवरून पडला, मणका गेला, खाटेला खिळला. तेव्हा थोरलीनंच शब्द टाकून धाकटीला धुलाईखान्यात चिकटवली. दुपारपाळीला.

दुपारपाळी होतीच मुळी बोंब भागवायला. सकाळचे दहा वाजले की वरून सिस्टर लोकांचे फोन. चादरी नाहीत, पेशंट उघड्या गादीवर पडलेत, खाली झोपा काढता काय. की दुपारच्या सहा बायांनी हात मोडेस्तोवर धुवायचं. थोरलीनं एकदा बघितलं, इस्पितळाच्या चादरी अकराशे, धुवायला येतात जेमतेम चारशे. बाकीच्यांना काय पंख फुटले?

"काडेपेट्या," ती डबा खाताना जावेला म्हणाली.

"कसल्या काडेपेट्या, जाऊबाई?"

"अगं, वर प्रत्येक वॉर्डात तू आणि मी बसलोय."

धाकटीला ठसका लागला. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग थोरलीनं मोठ्या साहेबांकडून एक महिना मागून घेतला. फोन यायच्या आत प्रत्येक वॉर्डात मागतात त्याहून दहा चादरी जास्त पोचवायच्या. दोघी जावांनी त्या महिन्यात ढोरासारखं काम केलं. धाकटी तर स्वतःची पाळी संपली तरी इस्त्रीच्या रुळाशी थांबायची. "तुमचं मूळ सापडू दे एकदाचं, माझी कंबर मोडली तरी चालेल," म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात चादरी बाहेर यायला लागल्या. मोडक्या कपाटातून, गाद्यांच्या पोटातून, बाळंतिणींच्या न्हाणीघरातल्या टबातून. काहींत उंदरांनी संसार मांडलेले. फोन बंद झाले.

साहेब खूश. त्यांनी तिला वर बोलावून खडूनं फळ्यावर चित्र काढायला लावलं. तिनं गोल काढला, गोलावर बाण काढले. वॉर्ड घाबरतो, दडवतो, तळघरात तुटवडा, वॉर्ड आणखी घाबरतो. साहेबांनी स्वतः टाळी वाजवली.

दीड महिन्यानं भिंतीवर कागद लागला. तुटवडा राहिलेला नसल्यामुळं दुपारपाळी बंद. सहा नावं. तिसरं जावेचं.

ती तशीच ओल्या हातानं वर गेली. "साहेब, त्यात माझी जाऊ आहे. घरात दीर पडून आहे."

"बाई, हे तुमचंच काम आहे. गरजेपेक्षा जास्त साठवून ठेवलं की रोग होतो, हे तुम्हीच दाखवलंत ना?"

"मी चादरींचं बोलले होते."

"मीही कामाचंच बोलतोय."

जिना उतरताना तिला दिसलं. त्या गोलात तिनं वॉर्ड काढला, तळघर काढलं. फळ्यासमोरची साहेबांची खुर्ची काढायची राहिली.

घरी धाकटी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "सापडलं म्हणायचं मूळ, जाऊबाई. उपटलंत पण."

"मला काय स्वप्न पडलं होतं का?"

"तुम्हाला तर सगळंच आधी दिसतं."

त्यानंतर दोघींत लागेल तेवढंच बोलणं.

महिन्याभरात वाळवणीचं यंत्र बंद पडलं. भरून काढायला दुपारपाळी नाही, चादरी दोन दिवस उशिरा गेल्या. तिसऱ्या दिवशी पन्नास चादरी गायब. पंधरा दिवसांत फोन सुरू. साहेब स्वतः खाली आले.

"तुमचं चित्र चुकलं वाटतं, बाई."

"चित्र बरोबर आहे, साहेब. म्हणूनच गोल परत फिरतोय. दुपारपाळी परत लावा."

"माणसं वाढवणं आता वरून मंजूर होत नाही," ते म्हणाले, आणि तळघराला काम सुधारण्याची लेखी ताकीद देऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाला उठली तर फळी रिकामी. चारही पेट्या नाहीत. धाकटी दारात उभी होती.

"काडेपेटी बघितलीस?"

"मी कशाला बघू? घरात बसणाऱ्या बाईला काय कळतं."

तिच्या हाताची मूठ पदराआड होती. थोरलीला पुढचं सगळं बाणासकट दिसत होतं, आणि उपायही तोंडपाठ होता. चार पेट्या आणायच्या, उघड्यावर मांडायच्या, महिनाभर गप्प राहायचं. अकरा वर्षांपूर्वी जमलं होतं.

संध्याकाळी येताना तिनं एकच काडेपेटी घेतली. घरात शिरली, फळीकडं बघितलं, आणि पेटी उशीखाली सारली.